दिसेल, पण छापणार नाही

५ जानेवारी, सोमवार

आज परत बटण छापून आलं. एका मुलाच्या बायोडेटावर वर गणपती, गणपतीच्या पोटावर राखाडी चौकोन आणि त्यात 'फोटो जोडा'. त्याच्या आईनं तसाच कागद दोन-चार घरी वाटला आणि मग मला फोन. "ताई, फोटो कुणाचा जोडायचा हाय, देवाचा?" हसू आलं, पण चूक माझीच. लोकांनी फॉर्म घरीच कॉम्प्युटरवर भरावा, तिथूनच प्रिंट काढावी, दुकानात गर्दी नको, ही हुशारी माझी. इतकी वर्षं कसबा बावड्यातल्या लग्नपत्रिका आणि बायोडेटा मीच टाइप करते. आता म्हणे शोभाताई डिजिटल झाल्या.

दुपारी बसून एकेक रकाना तपासला. प्रत्येकाला चार पर्याय असतात. दिसेल. लपेल. दिसेल पण छापणार नाही. दिसणार नाही पण छापेल. बटणं आणि 'उंची खरी लिहा' वगैरे सूचना, सगळं तिसऱ्या पर्यायात टाकलं. चौथा कुणाला लागत असेल कोण जाणे.

८ जानेवारी, गुरुवार

सायली आली. दादाची मुलगी, म्हणजे माझी भाची, पण वाढली निम्मी माझ्याकडंच. डेअरीच्या लॅबमधून सुटली की चहाला येते. आज मात्र स्वतःचा फॉर्म भरायला बसली. म्हटलं तू सांग, मी टाइप करते. "नको आत्ती, माझं मी लिहिते."

वैनीनं आधी सांगून ठेवलेलं 'गृहकृत्यदक्ष' पहिल्यांदा खोडलं. मग वैवाहिक स्थिती. तिथं लोक एक शब्द टाकतात. हिनं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवून ठेवते: 'माझं आधी एक लग्न झालं होतं. जमलं नाही. कायदेशीर घटस्फोट झाला आहे. याबद्दल काही विचारायचं असेल तर मलाच विचारा.'

मी म्हटलं, जरा जास्तच होतंय का गं? तर म्हणाली, "त्यांनी हे आधी वाचू दे. मग यायचं तर येऊ दे. पोहे खाऊन झाल्यावर सांगायचं आणि मग त्यांची तोंडं बघायची, हे मला परत नकोय आत्ती."

मला तिचा अभिमान वाटला. सोलापूरकडच्या सासरहून परत आली तेव्हा दोन महिने माझ्या मागच्या खोलीत होती. शेजारच्या बायकांना तोंड दाखवायची नाही. तीच ही.

११ जानेवारी, रविवार

सकाळी वैनी. एकटी. पिशवीत मेथी, म्हणजे काहीतरी काम असणार हे मी ओळखलं.

"ती घटस्फोटाची वळ बघून माणसं फुडं वाचायचीच न्हाईत वं. पोरगी कशी हाय, शिकलीय किती, काय बघायची न्हाईत. कागद माघारी." मग रडली. वैनीला मी रडताना फारशी बघितलेली नाही. ती भांडणारी बाई. म्हणाली, सांगायचं नाही असं नाही, सांगायचं. पण पद्धतीनं. मधल्या माणसानं सांगायचं. असल्या नाजूक गोष्टी कागदावर लिहायच्या नसतात, मध्यस्थानं चार लोकांत न बोलता बाजूला घेऊन बोलायच्या असतात. "आपल्यात असंच करत्यात की नाही, तुम्हीच सांगा."

खरंच असंच करतात. मी इतक्या बायोडेटांत बघितलंय. पायात जरा दोष, एखादं जमून मोडलेलं लग्न, वडिलांची दोन घरं, यातलं कागदावर काहीच नसतं. मधला माणूस सांगतो.

मी म्हटलं, पण सायली फाईल उघडून बघणार, ओळ नसली की कळणार. वैनी उठायला लागली. आणि मग माझ्याच तोंडून निघालं: "वैनी, दिसेल पण छापणार न्हाय, असं करता येतंय."

तिला हे माहीतही नव्हतं. मी नसतं सांगितलं तर मेथी ठेवून गेली असती. मी मात्र माऊस हातात घेऊन तिला करून दाखवलं, बघा, पडद्यावर आहे, कागदावर नाही. ती म्हणाली, "लई हुशार हाय तुम्ही." आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१७ जानेवारी, शनिवार

विलासमामा येऊन प्रिंटा घेऊन गेले. वैनीचे भाऊ. निम्म्या तालुक्याची लग्नं यांनी जमवलीत, निदान त्यांचं म्हणणं तसं. फाईलही मोबाइलवर पाठवून घेतली. नेसरीचं एक ठिकाण आहे. मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, मशीनशॉपला सुपरवायझर. सौरभ नाव. पहिलंच लग्न.

मी विचारलं, मामा, ते तेवढं सांगणार ना? "सांगतो की. माझ्यावर सोडा. येळ बघून बोलाय लागतंय."

संध्याकाळी सायलीचा फोन. "आत्ती, ती ओळ गेली ना त्यांच्याकडं?"

मी म्हटलं, "फॉर्ममध्ये हाय की."

यात खोटं काही नाही, असं मनाला सांगितलं.

२५ जानेवारी, रविवार

नेसरीचे पाहुणे येऊन गेले. मुलगा शांत आहे. वडील मोठ्या आवाजाचे, पण मनानं मोकळे वाटले. आई सायलीच्या लॅबबद्दल विचारत राहिली, दुधात पाणी कसं ओळखता, आमचा गवळी बघा एकदा येऊन. सगळे हसले. सायली पण. कितीतरी दिवसांनी तिला अशी हसताना बघितली.

कुणी जुन्या गोष्टीचं नाव काढलं नाही. सायलीला त्याचंच अप्रूप. आत येऊन माझ्या कानात, "बघ, वाचून पण आले." मी पापडाचा डबा शोधत राहिले.

बाहेर वि.मामांना गाठलं. सांगितलं का? म्हणाले, "अजून न्हाय. आज कसलं खूश झाल्यात, आजच कशाला मीठ टाकताय? पसंती कळू दे."

२ फेब्रुवारी, सोमवार

पसंती आली. दादा पेढे घेऊन दुकानात आला. खुर्चीत नुसता बसून राहिला. सायलीचं पहिलं लग्न त्यानंच जमवलं होतं, त्याच्या मित्राच्या ओळखीतलं. तेव्हापासून माझा भाऊ कुठल्याही लग्नात जेवायला थांबत नाही. आज त्यानं माझ्यासमोर दोन पेढे खाल्ले.

९ फेब्रुवारी, सोमवार

सायली आणि सौरभ फोनवर बोलतात. आज चहा पिताना सांगत होती. "मी त्याला सरळ विचारलं, माझं पहिलं लग्न तुला चालतंय ना? तर म्हणाला, वाचलंय मी, मला त्याचं काही न्हाय. घरच्यांचं मी बघतो."

हुश्श झालं. म्हणजे वि.मामांनी सांगितलं एकदाचं. फोन करून विचारायचं मनात होतं, पण पत्रिकांचा सीझन, दोन घरच्या पत्रिका उद्या द्यायच्यात, राहून गेलं. आणि आता गरज तरी काय.

२२ फेब्रुवारी, रविवार

लग्नाच्या याद्या आज दादाच्या दारात झाल्या. झाल्या म्हणजे निम्म्या झाल्या.

जेवणं झाली होती. मानपानाचं सगळं नीट चाललेलं, कुठं हुज्जत नाही. मग हॉल कुठला घ्यायचा हे निघालं. सौरभच्या आईनं सायलीलाच विचारलं, तुझं काय म्हणणं? सायली मोकळेपणानं म्हणाली, "हॉल नको काकी. पहिल्या वेळी हॉलमध्येच केलतं, निम्मी माणसं मला ओळखीची पण नव्हती. ह्या वेळी दारात करू."

"पहिल्या येळी म्हंजे?"

सायलीला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. परत सांगितलं. माझ्या पहिल्या लग्नात.

मी आत विड्याची पानं लावत होते. बाहेरचा आवाज एकदम थांबला, आणि मला उठून जायच्या आधीच कळलं. सौरभच्या वडिलांनी पिशवीतनं कागद काढला. "ह्यात कुठं हाय? दावा मला." सायली उठून त्यांच्याजवळ गेली, "हाय की काका, खालनं तिसरी ओळ," आणि बोट ठेवायला गेली. तिथं पांढरा कागद होता. 'मामा' नंतर थेट 'संपर्क'. तिचं बोट तिथंच राहिलं.

मग तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

वडील दादाला म्हणाले, "पावणं, आमी कुठं कमी पडलो हुतो? सांगितलं असतं तर बसून इचार केला असता. फसवायची काय गरज हुती?" दादाचा चेहरा बघवेना. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. वि.मामा चप्पल शोधायला लागले. वैनी पदर तोंडाला लावून उभी.

"कागद कुणी केला ह्यो?" सगळे माझ्याकडं बघायला लागले.

तेव्हा बोलायचं होतं. मी केलं, पोरीला माहीत नाही, एवढंच. चार शब्द. मी काय म्हटलं, तर, "कॉम्प्युटरवर हाय ती ओळ. प्रिंटरनं सोडली असंल."

प्रिंटरनं. इतकी वर्षं ज्याच्यावर पोट भरलं त्या प्रिंटरवर ढकललं. सौरभ सगळा वेळ कपात बघत बसलेला. पाहुणे उठले. यादीचा कागद तसाच सतरंजीवर.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दुकान उघडायच्या आत सायली पायरीवर. डोळे सुजलेले. आत आली, माझ्या खुर्चीत बसली, फाईल उघडली, त्या रकान्यावर उजवं क्लिक. तिसऱ्या पर्यायावर खूण. बघत बसली.

"आत्ती, हे आपोआप होत न्हाय."

मी म्हटलं, नाही होत.

"आईनं सांगितलं?"

मी म्हटलं, आईनं ओळ नको एवढंच सांगितलेलं. हे मी सुचवलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलत होती. काल रात्री सौरभचा फोन आला होता. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. वि.मामांनी पाठवलेली फाईल त्यानं कंपनीतल्या कॉम्प्युटरवर उघडली, पडद्यावर ओळ वाचली, वडिलांसाठी प्रिंट काढली तर ओळ गायब. त्याला वाटलं सायलीनंच मुद्दाम तसं केलंय. मुलाला कळू दे, म्हाताऱ्यांना नको. म्हणून तो 'घरच्यांचं मी बघतो' म्हणाला. लग्न झाल्यावर सांगू सावकाश, असं त्याच्या मनात.

"म्हणजे मी तसली हाय असं समजून त्यानं मला पसंत केलं. आणि काल त्याचे बाबा माझ्या बाबांना फसवे म्हणत होते तेव्हा त्याला माहीत होतं, आणि तो चहा पीत होता." मग, "आणि तू पण."

ज्या दिवशी ती म्हणाली 'त्यानं वाचलंय' त्याच दिवशी मला विचार करायला हवा होता, कशावर वाचलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळायला हवं होतं. मीच तर केलेलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुकान उघडलं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दादाकडं गेले. तो गोठ्यात होता. म्हशीला पेंड घालता घालता, माझ्याकडं न बघता, "तू केलंस व्हय?" मी हो म्हटलं. "मला तरी सांगायचं हुतंस." एवढंच. मला लहानपणापासून त्याच्या शिव्या खायची सवय. आज एक शिवी दिली नाही त्यानं.

वैनी चुलीपाशी. तिचं एकच, "चांगल्यासाठीच केलतं की आपण." आपण म्हणाली. मला ते आपण नको वाटलं, आणि नाकारताही येईना. तिनं निदान आई म्हणून केलं. मी कशासाठी केलं? मला करता येतं म्हणून.

सायली लॅबला गेलेली. मी यायच्या वेळेलाच गेलेली, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

१ मार्च, रविवार

ठरवलं होतं, नेसरीला जायचं. सौरभच्या वडिलांसमोर उभं राहायचं, सांगायचं, पोरीनं लिहिलं होतं, मी छापू दिलं नाही, शिव्या मला घाला. सकाळच्या एसटीनं. दोन दिवस मनात तेच बोलणं घोकत होते. बरंही वाटायला लागलं होतं.

सुटायच्या आधी सायलीला फोन केला. म्हटलं तिला हलकं वाटेल.

"तू जाणार, सांगणार, रडणार, ते तुला पाणी देणार. तुझं मन मोकळं होईल. मला कुणी विचारलंय, मला ते लग्न करायचंय का न्हाय अजून?"

मी म्हटलं, अगं पण त्यांना खरं कळायला नको?

"माझ्याबद्दल कुणाला काय कळवायचं हे तू परत ठरवाय लागलीयास आत्ती."

एसटी गेली. मी स्टँडवर बाकावर बसून राहिले, शेजारच्या बाईनं विचारलं, कुठल्या गाडीची वाट बघताय. मी म्हटलं, परत बावड्याला जाते.

सायली बोलली ते चुकीचं असतं तर बरं झालं असतं. दिवसभर चुकीचं कुठं आहे ते शोधलं. सापडलं नाही.

४ मार्च, बुधवार

फॉर्म दुरुस्त केला. माणसानं स्वतः लिहिलेला एकही रकाना आता न छापण्यात टाकता येणार नाही, फक्त बटणं आणि सूचना तेवढ्या. खाली ठळक अक्षरात: 'पडद्यावर दिसते तेच कागदावर येईल.' आज एक बाप आला, मुलाचं वय जरा... म्हणाला, पडद्यावर राहू दे, कागदावर नको. कुणाकडनं ऐकलं कोण जाणे. वैनी बोलली असणार कुठंतरी, कौतुकानंच. त्याला म्हटलं, तसं होत नाही. "तुमच्याकडं हुतंय म्हनं." म्हटलं, होत होतं, बंद केलं.

सायलीला हे सांगावंसं वाटलं. फोन हातात घेतला आणि ठेवला. दुरुस्ती केली म्हणून शाबासकी मागायला जायचं, तेही तिच्याकडं.

तिची आठवण येते. चहा करताना दोन कप काढले जातात. माझ्या पोटची असती तरी यापेक्षा जास्त लागलं नसतं.

८ मार्च, रविवार

रंगपंचमी. दुकान अर्धं उघडं. पोरं रंगवत फिरतायत, मी शटर निम्मं खाली ओढून बसलेली. दादाचा फोन, पहिल्यांदाच आपणहून. नेसरीकडनं काही निरोप नाही, वि.मामा फोन उचलत नाहीत. सायली कामावर जाते, येते, जेवते. "तुझं नाव काढत न्हाय. वाईट पण बोलत न्हाय." हे त्यानं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असावं.

१४ मार्च, शनिवार

आज दुपारी सौरभ आला.

काच ढकलून आत, हेल्मेट हातात. मी ओळखलं पण उठता येईना. म्हणाला, बायोडेटाची एक प्रिंट हवीय. ती ओळ असलेली. "बाबांच्या फुडं ठेवतो. त्यांना दावतो की तिनं लिहिलं हुतं. मी वाचलं हुतं, हे पण सांगतो." वाळलाय जरा. नखांत कंपनीचं काळं ग्रीस. शनिवारची सुट्टी टाकून आलेला असणार.

मला इतका आनंद झाला की हात आपोआप माऊसवर गेला. सायलीची जुनी फाईल उघडली. रकान्याचा पर्याय बदलला: दिसेल. प्रिंट दाबायचं तेवढं राहिलं होतं. पोरगा स्वतःच्या तोंडानं मागतोय, ओळ तिचीच आहे, तिचीच इच्छा होती छापायची. आता यात विचारायचं काय?

आणि हात काढून घेतला.

त्याला म्हटलं, बसा, तिला विचारते. त्याचा चेहरा उतरला. सायलीला फोन लावला, उचलेल असं वाटलं नव्हतं, उचलला. तीन वाक्यांत सांगितलं: सौरभ दुकानात आहे, ओळ असलेली प्रिंट मागतोय वडिलांसाठी, देऊ का. पुढचं एक अक्षर बोलले नाही, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

पलीकडं लॅबमधलं कसलंतरी मशीन घुमत होतं. मग, "त्याला दे फोन."

तो फोन घेऊन बाहेर गेला. काचेतून दिसत होता. बोलत नव्हता फारसं, ऐकत होता. एकदा मान हलवली. एकदा हात कपाळाला लावला. मी पडद्यावरची ती चार वाक्यं वाचत बसले, 'मलाच विचारा' इथवर येऊन परत पहिल्यापासून.

आत आला. फोन माझ्यापुढं ठेवला.

"प्रिंट नको," म्हणाला.

मी विचारलं, मग?

"ती म्हणती, कागद नको. तोंडानं सांग." मग माझ्याकडं बघून, "बाबांच्या फुडं मला बोलाय येत न्हाय, आत्ती. कधीच येत न्हाय." आत्ती म्हणाला. त्याच्या लक्षातही आलं नसेल.

मला म्हणायचं होतं, मी येते बरोबर. अगदी ओठांवर आलं. गिळलं.

हेल्मेट घातलं, गाडी काढली. हायवेच्या बाजूला वळला. नेसरीला जायचं तरी कागलवरूनच जावं लागतं, त्यामुळं तो गावाकडं गेला की कागलला खोलीवर जाऊन झोपला, इथून कळायला मार्ग नाही. सायलीला विचारलेलं नाही. फाईल अजून उघडीच आहे.